नकाशात आमचं घर का नाही? – उपग्रह नकाशातल्या विचित्र खुणा मुलांसोबत वाचताना



इयत्ता चौथीच्या परिसर अभ्यासात नकाशा शिकवायचा होता. पुस्तकातला जिल्ह्याचा नकाशा झाला, दिशा झाल्या, सूची झाली. मग वाटलं, मुलांना आपलं गाव वरून दाखवू. शाळेतल्या टीव्हीला मोबाइल जोडला, गूगल मॅप्स उघडलं आणि उपग्रहाचं चित्र लावलं. वर्गात एकच गलका!

शाळा सापडली. मारुतीचं मंदिर सापडलं. नाला, पूल, स्टँड सापडलं. मग एकेकाला वेगळंच काही दिसायला लागलं. "मॅडम, पाण्याची टाकी त आडवी पडेल हाये!" "मॅडम, रस्त्यावरच्या गाडीले तीन रंग हायेत!" "अर्धं शिवार हिरवं अन् अर्धं वाळेल, मधात पट्टीनं रेघ मारल्यावानी!" मीही पाहिलं. खरंच तसं होतं.

तेवढ्यात मागच्या ओळीतली एक मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, आमचं घर नाई इथं." गावाबाहेरच्या नव्या वस्तीत तिचं घरकुल. वर्षभरापूर्वीच राहायला गेले ते लोक. टीव्हीवर त्या जागी नुसतं मोकळं रान होतं. एक मुलगा पटकन बोलला, "म्हणजे तुमचं घर खरं नाही." सगळे हसले. ती खाली मान घालून बसली.

मी "जुना फोटो असेल" एवढं म्हणून पुढे गेले. पण संध्याकाळपर्यंत ते डोक्यातून जाईना. कारण मुलाने जे म्हटलं तेच आपण मोठी माणसंही करतो. मोबाइलमध्ये दिसलं ते खरं, नाही दिसलं ते खोटं. पुढचे दोन दिवस मी हा विषय वाचला, समजून घेतला आणि पाठ पुन्हा घेतला. तोच पाठ इथे मांडते आहे.

आधी एक गोष्ट पक्की करू: हा फोटो नाही, गोधडी आहे

आपल्याला वाटतं, कुणीतरी आकाशातून एकदा कॅमेरा दाबला आणि पृथ्वीचा फोटो निघाला. तसं नसतं. उपग्रह पृथ्वीभोवती फिरता फिरता एका वेळी जमिनीचा एक पट्टाच टिपतो. लँडसॅट ८ या अमेरिकी उपग्रहाचं उदाहरण घ्या. तो ७०५ किलोमीटर उंचीवरून फिरतो, त्याचा पट्टा सुमारे १८५ किलोमीटर रुंद असतो आणि त्याच जागेवर तो १६ दिवसांनी परत येतो. आपण नकाशा लांबून पाहतो तेव्हा अशाच उपग्रहांची चित्रं दिसतात. जवळ जात गेलो की दुसऱ्या, जास्त बारीक दिसणाऱ्या उपग्रहांची किंवा विमानातून घेतलेली चित्रं येतात. म्हणूनच मोबाइलवर दोन बोटांनी चित्र मोठं करताना अचानक रंग बदलतो, झाडं जातात, रस्ता येतो. आपण एका चित्रातून दुसऱ्या चित्रात गेलेलो असतो.

मुलांना मी आजीच्या गोधडीचं उदाहरण दिलं. एक तुकडा जुन्या लुगड्याचा, एक धोतराचा, एक शाळेच्या शर्टाचा. सगळे वेगवेगळ्या वर्षांचे, पण शिवून एकच पांघरूण. उपग्रह नकाशा तसाच आहे. तुकडे वेगवेगळ्या दिवसांचे, वेगवेगळ्या कॅमेऱ्यांचे.

हे कळलं की विचित्र खूण दिसल्यावर काय विचारायचं तेही कळतं. ही खूण जमिनीवर आहे, शिवणीत आहे, कॅमेऱ्यात आहे, की आपल्या डोळ्यांत आहे? फळ्यावर मी हेच चार शब्द लिहिले. बाकी सगळा पाठ या चार शब्दांवरच चालला.

१. शिवणीतली गडबड

अर्धं शिवार हिरवं आणि अर्धं वाळलेलं, मध्ये सरळ रेघ. ही रेघ शिवारात नाहीच. एक तुकडा सप्टेंबर-ऑक्टोबरमधला असेल, सोयाबीन उभं असतानाचा. दुसरा एप्रिल-मे मधला, रान मोकळं असतानाचा. दोन तुकडे शेजारी शिवले, म्हणून रेघ दिसली. खरी हद्द बांधाने, नाल्याने, रस्त्याने वळते. शिवण मात्र घरावरून, विहिरीवरून, कशावरूनही सरळ जाते. मुलांना सांगा, रेघेने एखादं शेत मधोमध कापलं असेल तर ती बहुतेक शिवण आहे.

इथे आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. पावसाळ्यात आपल्यावर ढग असतात आणि असे कॅमेरे ढगांच्या आरपार पाहू शकत नाहीत. त्यामुळे नकाशात बहुतेक चित्रं पावसाळा संपल्यानंतरची, हिवाळ्या-उन्हाळ्यातली असतात. परिणाम असा की आपला बुलडाणा जिल्हा उपग्रह नकाशावर जवळपास कायम पिवळा-तपकिरी दिसतो. श्रावणातला हिरवागार अजिंठ्याचा डोंगर तिथे क्वचितच भेटतो. पुण्या-मुंबईतल्या नातेवाइकांनी नकाशा पाहून "तुमच्याकडे नुसता दुष्काळच" म्हटलं, तर त्यांना हे जरूर सांगा.

शिवणीतली सगळ्यात सोपी गडबड म्हणजे जुना तुकडा. आपल्या भागात त्याचं चांगलं उदाहरण समृद्धी महामार्ग आहे. मेहकर, सिंदखेडराजा भागातून तो जातो. नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला. संगणकावर गूगल अर्थ उघडून जुनी चित्रं पाहण्याची सोय वापरली, तर याच जागी आधी शेतं दिसतात, मग मातीचा लांब पट्टा, मग तयार रस्ता. तिन्ही चित्रं खरी आहेत, त्यांची तारीख वेगळी. पण ज्याच्या मोबाइलवर फक्त पहिलंच चित्र येईल तो म्हणेल, इथे रस्ताच नाही!

माझ्या वर्गातल्या त्या घराचं हेच झालं होतं. तुकडा घर बांधण्याआधीचा होता.

शिवणीत आणखी एक प्रकार मोडतो. नकाशात फक्त चित्र नसतं, त्याच्यावर बाकीची माहितीही जोडलेली असते: नावं, रस्त्यांच्या रेघा, हद्दी, जमिनीची उंची. ही माहिती चुकली किंवा थोडी सरकली तरी चित्र विचित्र दिसतं. रस्त्याची पिवळी रेघ खऱ्या रस्त्यापासून काही मीटर बाजूला, चक्क घरांवरून गेलेली तुम्ही पाहिली असेल. गूगल अर्थमध्ये चित्र तिरकं करून पाहिलं तर काही पूल वितळल्यासारखे नाल्यात लोंबकळतात. कारण चित्र सपाट असतं आणि ते उंच-सखल जमिनीच्या साच्यावर चादरीसारखं अंथरलेलं असतं. साच्याला नाला माहीत आहे, पूल माहीत नाही. म्हणून पुलाचं चित्र नाल्यात उतरतं. कलाकार क्लेमेंट व्हाला यांनी अशा वितळलेल्या पुलांची चित्रंच गोळा करून प्रदर्शित केली आहेत.

जगातली दोन उदाहरणं मुलांना फार आवडली. पहिलं, २००९ सालचं. फेब्रुवारीत गूगल अर्थवर समुद्राचा तळ दिसू लागला आणि आफ्रिकेच्या पश्चिमेला अटलांटिक महासागराच्या तळाशी आडव्या-उभ्या रेघांची जाळी दिसली. बुडालेलं अटलांटिस शहर सापडलं, अशी आवई उठली. प्रत्यक्षात जहाजं आवाजाच्या लहरी सोडून समुद्राची खोली मोजत गेली होती. ती जिथून गेली तिथली माहिती बारीक, बाकीची ढोबळ. जाळी होती ती जहाजांच्या वाटांची.

दुसरं, सँडी बेटाचं. ऑस्ट्रेलिया आणि न्यू कॅलेडोनिया यांच्या मध्ये हे बेट कित्येक नकाशांत होतं, गूगलच्याही. १८७६ मध्ये एका देवमासे पकडणाऱ्या जहाजाने दिलेल्या माहितीवरून ते नकाशांत शिरलं होतं. नोव्हेंबर २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियाचं संशोधन जहाज तिथे गेलं तर बेट नाहीच, नुसतं पाणी, तेही सुमारे १४०० मीटर खोल. म्हणजे असलेलं घर नकाशात नाही आणि नसलेलं बेट नकाशात आहे! हे सांगितल्यावर वर्गात सगळ्यांनी त्या मुलीकडे पाहिलं. या वेळी हसण्यासाठी नाही.

२. कॅमेऱ्यातली गडबड

आता आडवी टाकी. उपग्रह नेहमी बरोबर डोक्यावरूनच पाहतो असं नाही. पुष्कळदा तो बाजूने, तिरका पाहतो. मग उंच वस्तू एका बाजूला झुकलेल्या दिसतात. टाकी, मोबाइलचा टॉवर, मंदिराचा कळस, सगळे एकाच दिशेला कललेले. त्यात टाकीची सावली वेगळ्या दिशेला पडलेली असते, त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो. वर्गात हे दाखवायला फार सोपं आहे. जमिनीवर पाण्याची बाटली उभी ठेवा. एका मुलाला बरोबर वरून मोबाइलने फोटो काढू द्या, दुसऱ्याला थोडं बाजूने. पहिल्या फोटोत नुसतं झाकण, दुसऱ्यात बाटली आडवी.

तीन रंगांची गाडी ही तर गंमतच आहे. अनेक उपग्रहांचा कॅमेरा लाल, हिरवा आणि निळा रंग एकाच क्षणी टिपत नाही. एकामागून एक, अगदी थोड्या अंतराने टिपतो आणि मग तिन्ही एकावर एक ठेवून रंगीत चित्र तयार करतो. घर, झाड, रस्ता जागचे हलत नाहीत, म्हणून तिन्ही रंग नीट बसतात. धावती गाडी किंवा उडतं विमान मात्र तेवढ्यात पुढे सरकतं. म्हणून त्याचे लाल, हिरवे, निळे ठसे वेगवेगळे दिसतात.

इथे मी गणित घेतलं. ताशी ९० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात २५ मीटर जाते. समजा दोन रंगांमध्ये सेकंदाच्या पाचव्या भागाइतकं अंतर आहे, तर गाडी किती सरकेल? ५ मीटर. म्हणजे जवळपास एका गाडीची लांबी! चौथीतल्या मुलांना भागाकाराचं असं उदाहरण कुठल्या पुस्तकात मिळणार?

कधी कधी कॅमेराच बिघडतो. लँडसॅट ७ या उपग्रहातला, चित्राच्या ओळी सरळ लावणारा एक भाग ३१ मे २००३ रोजी बंद पडला. त्यानंतरच्या त्याच्या प्रत्येक चित्रात तिरप्या काळ्या पट्ट्या येऊ लागल्या, जवळपास २२ टक्के भाग रिकामा. तरी शास्त्रज्ञांनी तो उपग्रह टाकून दिला नाही. एका दिवसाच्या चित्रातली रिकामी जागा दुसऱ्या दिवसाच्या चित्राने भरली. म्हणजे पुन्हा गोधडीच! नीट जुळलं नाही की पट्टेरी ठिगळं दिसतात.

तलावाचं पाणी एका चित्रात काळं आणि दुसऱ्यात चांदीसारखं चमकणारं दिसतं, तेही याच गटातलं. सूर्याचा प्रकाश पाण्यावरून परतून सरळ कॅमेऱ्यात शिरला की चमकतं, नाहीतर गडद दिसतं. पाण्याचं काही बदललेलं नसतं.

आणि कॅमेऱ्याची मर्यादाही मुलांना सांगा. लँडसॅट ८ च्या रंगीत चित्रातला एक ठिपका जमिनीवरच्या ३० मीटर गुणिले ३० मीटर जागेचा असतो. म्हणजे ९०० चौरस मीटर, आपल्या भाषेत जवळपास ९ गुंठे! ९ गुंठ्यांना मिळून एकच रंग. त्यात तुमचं-माझं घर वेगळं कसं दिसणार?

३. डोळ्यांतली गडबड

हा भाग माझ्यासाठीही नवा होता. अजिंठ्याच्या डोंगररांगेचं चित्र लावलं तर काही मुलं म्हणाली, "हे उंच उंच बांध कशाचे?" ते बांध नव्हते, नाले होते. दरी त्यांना डोंगर दिसत होती आणि डोंगर दरी.

असं का होतं? चित्रं घेणारे पुष्कळसे उपग्रह आपल्यावरून सकाळी दहा-साडेदहाच्या सुमारास जातात. हिवाळ्यात त्या वेळी सूर्य आग्नेयेला असतो आणि सावली वायव्येला पडते. मोबाइलवर उत्तर वर असते. म्हणजे चित्रात उजेड खालून-उजवीकडून येतो. पण आपल्या डोळ्यांना जन्मापासून सवय आहे वरून येणाऱ्या उजेडाची, सूर्य वर, दिवा वर. त्यामुळे मेंदू सावलीचा उलटा अर्थ लावतो आणि खड्डा उंचवटा होतो.

उपाय एकदम सोपा: मोबाइल उलटा धरा. त्याच क्षणी बांध नाल्यात बदलतात. वर्गात "अरे व्वा!" असा जो आवाज झाला, तो शेजारच्या वर्गातल्या सरांनी येऊन "काय चाललंय?" विचारावं इतका मोठा होता. ज्यांना पहिल्यापासून बरोबर दिसतं अशीही मुलं असतात. त्यांना चूक ठरवू नका, हे प्रत्येकाच्या डोळ्यांवर अवलंबून आहे.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला मैदानात काठी रोवली, सावलीची दिशा आखली आणि ती नकाशातल्या टाकीच्या सावलीशी जुळवली. चित्र सकाळचं आहे हे मुलांनी स्वतः शोधून काढलं.

४. आणि काही वेळा ते खरंच जमिनीवर असतं

इतक्या गडबडी शिकवल्या की एक धोका असतो. मुलं प्रत्येक गोष्टीला "चूक आहे, शिवण आहे" म्हणायला लागतात. तेही बरोबर नाही. त्यासाठी आपल्या जिल्ह्यात लोणार आहे.

उपग्रह नकाशात लोणार पाहा. सगळीकडे वाकडीतिकडी शेतं आणि मध्येच जवळपास परिपूर्ण गोल. ज्याला माहीत नाही त्याला वाटेल, कुणी संगणकावर कंपासने काढला. पण हा गोल खरा आहे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं हे विवर उल्कापाताने बेसॉल्ट खडकात तयार झालं. १९७० च्या दशकात इथल्या खडकांत प्रचंड आघातानेच तयार होणारी काच सापडली आणि उल्कापाताची गोष्ट पक्की झाली. नकाशात गोल दिसतो एवढ्यावर कुणी थांबलं नाही, खडक तपासले.

आता जून २०२० आठवा. लॉकडाऊनचे दिवस. लोणारचं हिरवट पाणी गुलाबी झाल्याचे फोटो सगळ्यांच्या व्हॉट्सअॅपवर फिरले. अनेकांना वाटलं फोटोला रंग दिलाय. कुणी त्याला शकुन म्हटलं, कुणी अपशकुन. मग खरं काय ते कसं ठरलं?

एक, उपग्रहाने. लँडसॅट ८ ची दोन चित्रं शेजारी ठेवली गेली, २५ मे २०२० आणि १० जून २०२० ची. पहिल्यात पाणी हिरवं, दुसऱ्यात गुलाबी. मुलांना या दोन तारखांमधले दिवस मोजायला सांगा. मे महिन्याचे ६ आणि जूनचे १०, बरोबर १६! म्हणजे तोच उपग्रह, तोच कॅमेरा, त्याच वाटेने परत आला आणि त्याला रंग बदललेला दिसला. आजूबाजूच्या शेतांचा रंग गुलाबी झाला नव्हता, फक्त पाण्याचा झाला होता. कॅमेरा बिघडला असता तर सगळंच बिघडलं असतं.

दोन, माणसांनी. प्रत्यक्ष पाण्याचे नमुने घेतले गेले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने ते तपासले आणि हॅलोआर्किया नावाच्या, खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे हा रंग आल्याचं सांगितलं. उन्हाळ्यात पाणी आटलं, खारटपणा वाढला आणि गुलाबी रंगद्रव्य तयार करणारे हे जीव वाढले. ना शकुन, ना अपशकुन.

या गोष्टीतला क्रम महत्त्वाचा आहे. आधी "हे विचित्र आहे" असं वाटलं. मग वेगवेगळ्या तारखांची चित्रं पाहिली. मग जागेवर जाऊन तपासलं. हा क्रम लहान मुलालाही जमतो.

वर्गात घ्यायची कृती

वेळ: दोन तासिका. साहित्य: एक मोबाइल किंवा संगणक, कागद, रंगीत खडू, काठी, पाण्याची बाटली.

पहिली पायरी: गावाचं उपग्रह चित्र दाखवा आणि प्रत्येकाला एक तरी "विचित्र" गोष्ट शोधायला सांगा. कुणालाही चूक म्हणू नका. सगळ्या गोष्टी फळ्यावर लिहा.

दुसरी पायरी: जमीन, शिवण, कॅमेरा, डोळा असे चार रकाने करा. प्रत्येक गोष्ट कुठल्या रकान्यात जाईल यावर चर्चा घ्या. एकमत झालं नाही तर त्या गोष्टीपुढे प्रश्नचिन्ह ठेवा. प्रश्नचिन्ह राहू द्यायला घाबरू नका.

तिसरी पायरी: शक्य असेल तिथे तपासा. जवळची जागा असेल तर चालत जा. दूरची असेल तर गूगल अर्थवर जुनी चित्रं पाहा, किंवा इस्रोच्या भुवन या संकेतस्थळावर तीच जागा पाहा. भुवन २००९ पासून सुरू आहे. दोन्हीकडे वेगवेगळ्या वेळी खूण दिसली तर ती जमिनीवर असण्याची शक्यता जास्त.

चौथी पायरी: मुलांनी स्वतः गावाचा नकाशा काढायचा. त्यात नव्या वस्त्या, नवं शेततळं, नवा रस्ता, पडलेलं जुनं झाड, सगळं. आणि कोपऱ्यात तारीख लिहायचीच.

पालकांसाठी दोन शब्द

हा विषय फक्त मुलांच्या गमतीचा नाही. एका ओळखीच्या पालकांनी मला मोबाइल दाखवला. कुठल्याशा ॲपमध्ये त्यांच्या शेताची हद्द शेजाऱ्याच्या धुऱ्यापलीकडे दिसत होती. "बघा मॅडम, त्यानं आमचं चार तास रान दाबलं." बोलणं भांडणावर आलं होतं. मी त्यांना तीच रेघ दुसरीकडे दाखवली. रस्त्याची रेघही तेवढीच त्याच बाजूला सरकलेली होती, विहिरीची खूणही. म्हणजे दोन भावकींत नव्हे, चित्र आणि रेघ यांच्यात अंतर होतं. शेताची हद्द भूमी अभिलेख कार्यालयाच्या मोजणीने ठरते, मोबाइलवरच्या रेघेने नाही. शंका असेल तर रीतसर मोजणी करून घ्या, पण चित्र पाहून धुऱ्यावर कुऱ्हाड घेऊन जाऊ नका.

तसंच मुलाने "हे काय आहे?" असं विचारलं आणि आपल्याला माहीत नसलं, तर "काहीतरी असेल" म्हणून सोडून देऊ नका. मी तेच केलं होतं. त्यापेक्षा "चल, कधीचं चित्र आहे ते पाहू" म्हणा. तारीख शोधताना निम्मी उत्तरं आपोआप सापडतात. मोबाइलवरच्या साध्या नकाशात तारीख दिसत नाही, गूगल अर्थमध्ये चित्राची तारीख पाहता येते.

त्या घराचं पुढे काय झालं?

आम्ही गूगल अर्थवर आमच्या गावाच्या चित्राची तारीख पाहिली. घराचा पाया खोदण्याच्याही आधीची निघाली. मी त्या मुलीला विचारलं, "तुमचं घर कधी बांधलं?" तिला महिना पाठ होता, कारण गृहप्रवेशाला पुरणपोळी झाली होती. ज्या मुलाने "खरं नाही" म्हटलं होतं, त्यालाच मी दोन तारखांची वजाबाकी करायला फळ्यापाशी बोलावलं. उत्तर आल्यावर तो स्वतःच म्हणाला, "मॅडम, चित्र जुनं हाये. घर नवं हाये."

मग सगळे मिळून त्या वस्तीत गेलो. शाळेपासून पावलं मोजत, दिशा पाहत. परत येऊन मुलांनी कार्डशीटवर गावाचा नकाशा काढला. नव्या वस्तीतली सगळी घरं तिने स्वतः काढली आणि आपल्या घराला निळा रंग दिला, कारण दार निळं आहे. खाली तारीख लिहिली. तो नकाशा आता वर्गाच्या भिंतीवर आहे.

वहीच्या प्रत्येक पानावर आधी दिनांक लिहा, असं आपण पहिलीपासून मुलांना सांगतो. उपग्रहाच्या नकाशाकडे पाहतानाही तेवढंच लक्षात ठेवायला सांगूया. आपल्या वर्गात हा पाठ घेऊन बघा, तुमच्या गावच्या नकाशात काय काय विचित्र सापडतं ते मुलंच तुम्हाला दाखवतील.